लहान अग्निबाणाचे थोर टीकाकार

आमच्या जोयडा तालुक्याचे नाव एरवी सुशिक्षितांच्या तोंडी फारसे येत नाही. काळी व्याघ्र प्रकल्पात वाघांची मोजदाद झाली, सुप्याच्या जलाशयाची पातळी वर्तमानपत्रात छापून आली किंवा भर पावसात अणशी घाटात दरड कोसळली, तर एखाद-दुसऱ्या दिवसापुरते ते उच्चारले जाते आणि पुढे कोणास त्याची आठवणही राहत नाही. परंतु श्रीहरिकोट्याहून एखादा लहानसा अग्निबाण सुटावा, त्याच्या माथ्यावर दोन-चार चिमुकले उपग्रह असावेत आणि त्यामागे एखाद्या व्यापारी कंपनीचे नाव असावे, की कारवारपासून पुण्यापर्यंतच्या दिवाणखान्यांतून आमच्याविषयी अकस्मात अनुकंपेचा पूर लोटतो. ज्यांनी जोयडा नकाशावरही कधी धुंडाळलेला नाही, अशी माणसे आमच्या वाड्यांवर न पोचलेल्या रस्त्याचा, डोंगराआड लुप्त होणाऱ्या मोबाईलच्या लहरींचा आणि आमच्या कुणबी बांधवांच्या हालांचा हवाला देऊन विचारतात, की ज्या देशात असे तालुके आहेत त्या देशाने हे खेळणे कशासाठी उडवावे? या प्रश्नातील करुणा खरी असती, तर हा लेख लिहिण्याची मला यत्किंचितही आवश्यकता भासली नसती.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात पुरुषार्थ नाही. म्हणून तो त्याच्या पुरस्कर्त्यांहूनही नेटका करून येथे देतो. ते म्हणतात, की भारतापाशी पीएसएलव्हीसारखा कसलेला प्रक्षेपक असताना, आणि त्याने १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एकाच उड्डाणात १०४ उपग्रह अवकाशात पोचविले असताना, निराळा लहान अग्निबाण निर्माण करणे ही निव्वळ उधळपट्टी होय. लहान उपग्रहाने मोठ्याच्या सोबतीने जावे. त्यात त्याची जागाही निघते आणि भाडेही कमी पडते. लहान अग्निबाण दर किलोमागे महाग पडतो, हे तर गणितानेच सिद्ध आहे, आणि अमेरिकेत हा धंदा मांडून बसलेली व्हर्जिन ऑर्बिट ही कंपनी २०२३ साली दिवाळखोरीत निघाली, हे त्या गणिताचे प्रत्यंतर. आपल्या स्वतःच्या लहान प्रक्षेपकाचे पहिलेच उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी फसले. त्यात भर म्हणून हे काम आता परक्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या पोरसवदा कंपन्यांच्या हाती जात आहे, आणि या कंपन्या आकाशात कचरा तेवढा साठविणार आहेत. या सर्वांवर कळस चढवावयाचा तो आमच्या जोयड्याचा: आधी तेथे रस्ता, मग आकाश.

शेवटच्या मुद्द्यापासूनच आरंभ करतो, कारण तो माझ्या घरचा आहे.

आमच्या तालुक्याचे ठाणे पूर्वी सुपे येथे होते. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधावयाचे ठरले, ते १९८७ साली पुरे झाले, आणि सुपे गाव, त्याची पेठ, त्याची कचेरी आणि आसपासची कित्येक खेडी पाण्याखाली गेली. तालुक्याचे दफ्तर उचलून जोयड्यास आले. त्या पाण्यावर नागझरीची जनित्रे फिरू लागली आणि त्यांची वीज दूरदूरच्या शहरांत पोचली. ज्या मुलखाने ते पाणी अडविण्यास आपली घरे दिली, त्याच्या कित्येक वाड्यांवर मात्र पुढेही बरीच वर्षे कंदीलच राहिला. नंतर अरण्याचे संरक्षण आले, तेही योग्यच होते. पण त्यासोबत असे झाले, की वाडीवर जाणाऱ्या पायवाटेचा रस्ता करावयाचा म्हटले की अर्ज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत राहतो आणि शेरा मारणारा प्रत्येक अंमलदार आपल्यापुरता निर्दोष असतो. या सर्व इतिहासात अग्निबाणाचा संबंध कोठे आला? लहान प्रक्षेपक जन्मासही आला नव्हता, तेव्हा आमचे रस्ते झाले होते काय? उद्या श्रीहरिकोट्याचा तळ बंद करून त्यास कुलूप लावले, तर बांधकाम खात्याचा मुकादम दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीवर खडी घेऊन हजर होईल, अशी हमी या दयाळू सज्जनांपैकी कोणी लेखी देईल काय?

आता पैशाचा हिशेब पाहू, कारण अनुकंपेच्या तळाशी शेवटी तोच असतो. लहान उपग्रह प्रक्षेपकाच्या, म्हणजे एसएसएलव्हीच्या, विकासासाठी त्याच्या तीन परीक्षण-उड्डाणांसह सुमारे १६९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली होती. पुढे जून २०२५ मध्ये ही विद्या उद्योगाकडे सोपविण्यासाठी बोली लागली, तेव्हा हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ५११ कोटी रुपयांची बोली देऊन ती जिंकली. यावर टीकाकार चटकन म्हणतील, की हा सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आहे. असेल, पण बोली एकट्याने लागत नसते, तिला प्रतिस्पर्धी होते, आणि ज्या खेळण्यासाठी तिघे-चौघे कसलेले उद्योजक पदरचे कोट्यवधी रुपये मोजण्यास उभे राहतात, त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने उधळपट्टीची निराळी व्याख्या तरी द्यावी. खजिन्यातून गेलेल्या रकमेच्या तिप्पट बोली आणणारी किती सरकारी कामे या टीकाकारांस ठाऊक आहेत? मला आमच्या तालुक्यातले एकही ठाऊक नाही.

येथवर जे झाले ते केवळ आवई उठविणाऱ्यांस उत्तर होते. यापुढचा मुद्दा अधिक भारदस्त आहे आणि त्यात काही जाणते लोकही फसतात, म्हणून त्यापाशी थोडे रेंगाळणे भाग आहे. लहान उपग्रहाने मोठ्याच्या सोबतीने जावे, हे वरवर पाहता किती शहाणपणाचे वाटते! परंतु उपग्रहास केवळ ‘वर’ जावयाचे नसते. त्यास एका विशिष्ट उंचीवर, विषुववृत्ताशी विशिष्ट कोन करणाऱ्या पातळीत, आणि कित्येकदा दिवसाच्या ठराविक वेळी भूमीवरून सरकेल अशा बेताने जावयाचे असते. आणि मोठ्या अग्निबाणावर या तिन्ही गोष्टी ठरविणारा एकच धनी असतो, तो म्हणजे मुख्य प्रवासी. २०१७ च्या त्या गाजलेल्या उड्डाणात मुख्य प्रवासी होता ७१४ किलो वजनाचा कार्टोसॅट. बाकीचे १०३ त्याच्या इच्छेचे मांडलिक. बेळगावहून गोव्यास निघालेली बस जोयड्याच्या उतारूस रामनगरला उतरवून पुढे अनमोडच्या दिशेने निघून जाते. तिचे तिकीट स्वस्त असते यात शंका नाही, पण रामनगरला उतरलेला माणूस जोयड्यास पोचला असे कोणी म्हणत नाही. बसच्या उतारूस निदान पाय तरी असतात. एक-दोन किलोच्या उपग्रहास बहुधा स्वतःचे इंजिनही नसते. त्यास जेथे सोडले तेथेच त्याने जन्म काढावा.

आणि इंजिन असले तरी काय होणार? पृथ्वीपासून सुमारे पाचशे किलोमीटरांवर फिरणारा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असतो. त्याची पातळी केवळ एका अंशाने वळवावयाची तर वेगात सेकंदाला सुमारे १३० मीटरांचा बदल करावा लागतो; आणि साठ अंशांनी वळवावयाची तर जितका त्याचा स्वतःचा वेग आहे तितकाच पुन्हा नव्याने द्यावा लागतो, म्हणजे त्यास भूमीवरून दुसऱ्यांदा उडविण्यासारखेच झाले. हा साठ अंशांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मोठे प्रक्षेपक झुंडीने उपग्रह नेतात ते बहुतांशी ध्रुवांवरून जाणाऱ्या, सूर्याशी वेळ जुळवून घेतलेल्या कक्षेत, जिचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा कोन, ९७ अंशांच्या वर असतो. आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या लहान प्रक्षेपकाने ईओएस-०८ हा १७५ किलोंचा उपग्रह नेऊन ठेवला तो ४७५ किलोमीटर उंचीवर, ३७.४ अंश कलाच्या कक्षेत. या दोहोंतले अंतर साठ अंशांचे आहे. आता ज्यांना ‘सोबतीने जा’ असे म्हणावयाचे असेल, त्यांनी आधी ही सोबत कोणाची, हे सांगावे.

या ३७.४ अंशांचा आमच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो इतका निकटचा आहे, की त्याचे सूतोवाच करताना टीकाकारांविषयीचा माझा राग क्षणभर मावळतो. आमच्याकडे माघ-फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत रानास वणवा लागतो. वणव्याची वर्दी देण्याची जी व्यवस्था देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण चालविते, तिची मुख्य भिस्त अमेरिकन उपग्रहांवरील दृष्टियंत्रांवर राहिली आहे. आणि त्यांतला सुओमी एनपीपी हा उपग्रह सूर्याशी वेळ बांधून फिरत असल्यामुळे आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या व रात्री दीडच्या सुमारास जातो. त्यांची वर्दी मौल्यवान आहे, ती फुकट मिळते, त्याबद्दल कृतज्ञ असावे. परंतु दुपारी चारला डिग्गीकडच्या एखाद्या उतारावर पेटलेली आग त्या उपग्रहाच्या दृष्टीस पडावी ती मध्यरात्रीनंतर, तोवर रान वाट पाहत थांबत नाही. उलट, कमी कलाची कक्षा विषुववृत्ताच्या दोहो बाजूंच्या पट्ट्यातच घिरट्या घालते आणि तिच्या फेरीची वेळ दिवसागणिक सरकत जाते, त्यामुळे सकाळ, दुपार, तिन्हीसांज या सर्व प्रहरांना तिचा कधी ना कधी डोळा असतो. ईओएस-०८ वर उष्णतेच्या किरणांत रात्रंदिवस चित्रे घेणारे यंत्र बसविले होते आणि आग ओळखणे हे त्याच्या घोषित उद्देशांपैकी एक होते. तो वर्षभराच्या आयुर्मर्यादेचा प्रायोगिक उपग्रह होता, एकट्याने काही आमचे अरण्य तारणार नव्हता. असे दहा-बारा वेगवेगळ्या वेळी फिरते ठेवावे लागतील आणि एक निकामी झाला की त्याच्या जागी दुसरा लगोलग धाडावा लागेल. तो कशाने धाडणार? दोन वर्षांनी एखादा मोठा प्रवासी योगायोगाने त्याच वाटेने निघेल, या भरवशावर?

म्हणजे ज्या जोयड्याच्या नावाने अग्निबाणास शाप दिला जातो, त्याच जोयड्याच्या अक्षांशावर उपयोगी पडणारी कक्षा मोठ्या अग्निबाणाच्या सोबतीने मिळत नाही, लहान अग्निबाणाच्या स्वतंत्र फेरीने मिळते. परोपकारी माणसाने परोपकार करण्यापूर्वी ज्याच्यावर तो करावयाचा त्याचा पत्ता तरी विचारून घ्यावा.

दर किलोच्या भावाविषयी आता बोलू. भाव महाग आहे, हे मी नाकारीत नाही. स्पेसएक्सने आपल्या सामायिक उड्डाणांची योजना मांडली, तेव्हा २०० किलोंस दहा लाख डॉलर असा दर जाहीर केला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये एका फेरीत १४३ उपग्रह नेले. याच्यापुढे न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून उडणारा रॉकेट लॅबचा इलेक्ट्रॉन, जो जेमतेम ३०० किलो उचलतो आणि त्यासाठी सुमारे ७५ लाख डॉलर घेत आला, तो किलोच्या तागडीत कित्येक पट भारी ठरतो. टीकाकारांचे गणित येथे येऊन थांबते. परंतु जगातले गिऱ्हाईक तेथे थांबले नाही. इलेक्ट्रॉनचे पहिले उड्डाण मे २०१७ मध्ये झाले व ते कक्षेत पोचले नाही. जानेवारी २०१८ मध्ये तो पोचला. आणि जून २०२४ मध्ये त्याने पन्नासावे उड्डाण केले. दाराशी स्वस्त सवारी उभी असतानाही पुनःपुन्हा कोणी तरी महाग सवारीचे भाडे मोजले. हे सगळे गिऱ्हाईक मूर्ख होते काय? ज्यास आपल्या कक्षेत, आपल्या तारखेस जावयाचे असते, त्याचा माल किलोने मोजला जात नाही, हे ओळखण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. व्हर्जिन ऑर्बिट बुडाली, हेही खरे. ती आपल्या भागधारकांचे पैसे घेऊन बुडाली, आणि ज्या धंद्यात कोणीच बुडत नाही तो धंदा नसून वतन असते.

उड्डाण फसल्याचा मुद्दा मला सर्वांत अधिक चीड आणतो, कारण तो मांडणारांस आपल्याच देशाचा इतिहास अवगत नसतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपला पहिला उपग्रह प्रक्षेपक, एसएलव्ही-३, दुसऱ्या टप्प्यातील एका सदोष झडपेमुळे उड्डाणानंतर सव्वापाच मिनिटांच्या सुमारास बंगालच्या उपसागरात कोसळला. त्या दिवशीही देशात शहाणे लोक होतेच. अकरा महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच प्रक्षेपकाने ३५ किलोंची रोहिणी कक्षेत नेली. प्रकल्पाचे नेतृत्व अब्दुल कलाम यांचे होते, हे सर्वांस ठाऊक असते, पण त्या वेळी थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक आणि घन इंधनाच्या विद्येचे धुरीण पुण्याचे वसंत गोवारीकर होते, हे मराठी माणसासही आठवण करून द्यावे लागते. थुंब्याची ती जागा निवडण्यासाठी केरळचा किनारा पालथा घालणारे एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. आजच्या लहान प्रक्षेपकाचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनावरच चालतात, म्हणजे ते याच घराण्यातले. परदेशात पाहावयाचे तर, ज्या स्पेसएक्सच्या स्वस्ताईचे दाखले आम्हास दिले जातात, तिचा पहिला अग्निबाण फाल्कन-१ हाही लहानच होता, आणि तो लागोपाठ तीनदा पडून चौथ्या खेपेस, २८ सप्टेंबर २००८ रोजी, कक्षेत पोचला. त्या वेळी आमचे हे टीकाकार तिच्या दरबारी सल्लागार असते, तर आज त्यांना दाखले देण्यास ती कंपनीच उरली नसती.

७ ऑगस्ट २०२२ च्या त्या उड्डाणात घडले ते असे. दुसरा टप्पा अलग होताना क्षणमात्र इतका जबर कंप झाला, की वेगवृद्धी मोजणारी यंत्रे आपल्या मर्यादेपलीकडे गेली. ती बिघडली आहेत असा निष्कर्ष प्रक्षेपकावरील संगणकाने काढला आणि त्यांची साक्ष अग्राह्य ठरवून तो अंदाजाने पुढे निघाला. शेवटी वेगात एका टक्क्याच्या आसपास तूट राहिली, ३५६ किलोमीटरांच्या वर्तुळाऐवजी ३५६ व ७६ किलोमीटरांची लंबवर्तुळाकार कक्षा लाभली, आणि ७६ किलोमीटरांवर हवा अजून इतकी दाट असते की दोन्ही उपग्रह नष्ट झाले. त्यांतला एक होता आझादीसॅट: आठ किलोंचा, ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींच्या हातून घडविला गेलेला. हे ऐकून ज्यांनी हळहळण्याऐवजी हात झटकले, त्यांनी पुढचे ऐकावे. टप्पे अलग करण्याची यंत्रणा बदलण्यात आली, संगणकाच्या निर्णयपद्धतीत सुधारणा झाली, आणि सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच प्रक्षेपकाच्या दुसऱ्या उड्डाणाने आझादीसॅट-२ साडेचारशे किलोमीटरांवर नेऊन सोडला. मोठ्या अग्निबाणाच्या सोबतीने गेलेला उपग्रह बुडाला असता, तर त्या मुलींनी दुसऱ्या सोबतीची वाट किती वर्षे पाहिली असती? त्यांच्यातल्या कित्येक तोवर शाळा सोडून गेल्या असत्या.

खाजगी भांडवलाची जी भीती दाखविली जाते, तिच्याविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण ती भीती नसून सोवळे आहे. भारताचे अग्निबाण कधीकाळी केवळ सरकारी हातांनी घडत होते, हा समजच निराधार आहे. साखर कारखान्यांची यंत्रे करणाऱ्या वालचंदनगरने त्यांची आवरणे घडविली, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने त्यांची इंजिने घडविली, आणि त्याबद्दल कोणास विटाळ झाला नाही. आता हैदराबादची स्कायरूट ही कंपनी आपली इंजिने नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात पेटवून पाहते, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आपला विक्रम-एस ८९.५ किलोमीटरांपर्यंत नेते. मद्रासच्या आयआयटीतून निघालेली अग्निकुल ही कंपनी, चार वेळा उलटी गणती थांबवावी लागूनही, ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्यावरील स्वतःच्या तळावरून, एकसंध छापून काढलेल्या इंजिनावर आपला बाण उडविते. ही दोन्ही उड्डाणे कक्षेपर्यंतची नव्हती, हे मीच सांगतो, म्हणजे टीकाकारांस ते सांगण्याचे श्रम पडू नयेत. पण रांगणाऱ्या पोरास धावत का नाही असे विचारणारा माणूस चिकित्सक असतो की निर्दय, याचा निवाडा वाचकांनी करावा. २०२० साली स्थापन झालेल्या इन-स्पेस या संस्थेच्या परवान्यावाचून यांतील एकही बाण जमीन सोडू शकत नाही, तेव्हा अराजकाचाही प्रश्न उद्भवत नाही. कचऱ्याच्या आक्षेपास तर एवढेच उत्तर पुरे, की साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटरांवरच्या विरळ हवेतही निकामी उपग्रह काही वर्षांत आपोआप खाली ओढला जाऊन जळतो. शतकानुशतके फिरत राहणारा कचरा त्याहून उंचावर आहे, आणि तो बव्हंशी मोठ्या अग्निबाणांनी व मोठ्या उपग्रहांनी मागे टाकलेला आहे.

एका बाबतीत मात्र मी स्वतःच्या पक्षासही सूट देणार नाही. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे जाताना श्रीलंका आड येते, तिला वळसा घालण्यात इंधन जाते, मोठा अग्निबाण ते सोसतो आणि लहान्याची मात्र त्यात बहुतेक पुंजी संपते. म्हणून तमिळनाडूत तुत्तुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टणम येथे, जेथून सरळ दक्षिणेस मोकळा समुद्र आहे, दुसरा तळ उभारला जात आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची कोनशिला बसली. त्यासाठी दोन हजारांहून अधिक एकर जमीन लागली. ज्याच्या तालुक्याचे ठाणेच पाण्याखाली गेले, त्यास जमीन घेणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तेथल्या खातेदारांस मोबदला आणि बिऱ्हाड दोन्ही वेळेवर मिळाले की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, आणि मी तो बजावीन. परंतु कौतुक असे, की अनुकंपेने ओथंबलेल्या आमच्या टीकाकारांपैकी एकानेही हा प्रश्न माझ्या कानांवर घातलेला नाही. त्यांची दया ठराविक तालुक्यांपुरती आणि ठराविक प्रसंगांपुरतीच असते.

आणि म्हणूनच आता आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांना उभे करतो. लहान अग्निबाण हे नवे फॅड आहे, अशी त्यांची समजूत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भारताने आरंभच लहान अग्निबाणाने केला: एसएलव्ही-३ चाळीस किलो नेई, त्याच्यामागून आलेला एएसएलव्ही दीडशे किलोंचा, तो १९८७ व १९८८ साली पडला, १९९२ साली अर्धामुर्धा साधला आणि ४ मे १९९४ रोजी पुरता यशस्वी झाला. आणि ज्या दिवशी तो साधला, त्या दिवशीच आपण त्याला निरोप दिला! मोठा प्रक्षेपक तयार होत होता, त्यापुढे लहान्याची मातब्बरी कोणास वाटली नाही; जो युक्तिवाद आज दिवाणखान्यांत चालतो तोच त्या वेळी व्यवहारात आला. ४ मे १९९४ पासून ७ ऑगस्ट २०२२ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, या देशापाशी लहान उपग्रहासाठी स्वतःचा म्हणून अग्निबाण नव्हता. या अठ्ठावीस वर्षांत जगभर उपग्रह लहान होत गेले. कर्नाटक व हैदराबादच्या विद्यार्थ्यांचा किलोभराचाही नसलेला स्टुडसॅट २०१० साली, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा तेवढाच हलका ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये, मुंबईच्या आयआयटीचा दहा किलोंचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर गेला. आणि प्रत्येक वेळी कोणा ना कोणा मोठ्याच्या मार्गाने, मोठ्याच्या मुहूर्तावर. ‘प्रथम’ची जुळवाजुळव सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो उडताना पाहिला तेव्हा ते केव्हाच संस्था सोडून नोकऱ्यांना लागले होते. सगळा दोष प्रतीक्षेचा नव्हता, रचना आणि चाचण्या यांतही वर्षे जातात. पण ज्यास आपली फेरी केव्हा निघणार हे ठाऊकच नसते, त्याने काम लवकर आटोपण्याची घाई कशासाठी करावी?

तेव्हा जाब विचारावयाचाच असेल, तर लहान अग्निबाण का केला असा विचारू नये. अठ्ठावीस वर्षे का केला नाही, असा विचारावा. तो हाती आल्यावरही त्याची तीन उड्डाणे होण्यास ऑगस्ट २०२२ ते ऑगस्ट २०२४ अशी दोन वर्षे का लागली, न्यूझीलंडच्या एका टोकावरून जे दर महिन्याला घडू शकते ते येथे वर्षातून दीड वेळ का घडते, कुलशेखरपट्टणमचा तळ १९९४ सालच्या नकाशावर का नव्हता, आणि पुढच्या फाल्गुनात आमच्या रानावरून दुपारी चारला जाणारा एखादा भारतीय डोळा असेल की नाही, असे विचारावे. रस्त्याचा अर्ज आमचा आम्ही कारवारच्या कचेरीत दाखल केलेला आहे आणि त्याचा पाठपुरावाही आम्हीच करू. बंगळूरच्या अंतरिक्ष भवनाकडे आमची मागणी दुसरी आहे, आणि ती एवढीच, की लहान अग्निबाण थांबवू नये, तो अधिक वेळा उडवावा.